केमिकल पील करून घेण्यापूर्वी: गव्हाळ आणि सावळ्या त्वचेची पूर्वतयारी

लग्न पंधरा दिवसांवर आले असताना चेहऱ्यावरचे डाग घालवण्यासाठी केमिकल पील करून घ्यायचे ठरवणे, ही या उपचाराच्या बाबतीत सर्रास होणारी आणि सहज टाळता येण्यासारखी चूक आहे. पीलची एक बैठक जेमतेम वीस-तीस मिनिटांत उरकते, त्यामुळे तो फेशियलचाच एखादा महागडा प्रकार असावा असा समज होतो. वस्तुतः ती त्वचेला जाणूनबुजून, मोजूनमापून केलेली इजा असते आणि ती भरून येताना वर येणारी त्वचा अधिक नितळ असावी, हा त्यामागचा हेतू असतो. गोऱ्या युरोपीय त्वचेवर अशी इजा प्रमाणाबाहेर गेली तर बहुतेक वेळा लाली रेंगाळते. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर तीच इजा प्रमाणाबाहेर गेली तर काळा डाग उठतो आणि तो जायला महिने लागतात. म्हणून आपल्यासाठी पीलचा बरावाईट परिणाम त्या वीस मिनिटांत फारसा ठरत नाही. तो त्याआधीच्या दोन-चार आठवड्यांत आणि नंतर चेहऱ्यावर पडणाऱ्या उन्हात ठरतो. या दोन्ही काळांत काय करायचे, याची माहिती पील ठरवण्याच्या आधीच हातात असायला हवी.

पील नेमके काय करते

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात. ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा मॅंडेलिक आम्ल हे चिकटणे सैल करते, त्यामुळे त्या पेशी एरवीपेक्षा लवकर गळून पडतात आणि खाली नव्या पेशी तयार होण्याला वेग येतो. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाची, म्हणजे दवाखान्यात ज्याला टीसीए म्हणतात त्याची, रीत वेगळी आहे. ते त्वचेतली प्रथिनेच गोठवते आणि गोठलेला भाग पुढच्या काही दिवसांत सुटून येतो. आम्ल किती खोल पोचले यावरून पीलचे तीन वर्ग पडतात. वरवरचे पील बाह्यत्वचेपुरते राहते, मध्यम पील आंतरत्वचेच्या वरच्या भागापर्यंत जाते आणि खोल पील आंतरत्वचेच्या मध्यापर्यंत उतरते. खोल पीलसाठी फिनॉल वापरतात. ते रक्तात शोषले गेले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, शिवाय सावळ्या त्वचेवर त्याने कायमचे पांढरट चट्टे पडण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांसाठी तो मार्ग विचारात घेण्याजोगा नाही. आपल्या कामाचे आहे ते वरवरचे पील, आणि क्वचित, अनुभवी हातांनी केलेले मध्यम पील.

या उपचाराचा आधुनिक पाया जर्मनीतील हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांनी १८८२ साली घातला. सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, टीसीए आणि फिनॉल या द्रव्यांचे त्वचेवर होणारे परिणाम त्यांनी नोंदवले. त्वचेचा रंग आणि ती उन्हात कशी वागते यावरून तिचे प्रकार ठरवण्याची पद्धत हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. ती प्रथम गोऱ्या त्वचेपुरतीच होती आणि तपकिरी व काळ्या त्वचेचे प्रकार तिला पुढे जोडले गेले. सर्वांत गोरा तो पहिला आणि सर्वांत काळा तो सहावा, अशा या मोजणीत भारतातील बहुतेकांची त्वचा चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात येते. हा तपशील इथे देण्याचे कारण असे की परदेशातील व्हिडिओत दिसणारी आम्लाची टक्केवारी, ते चेहऱ्यावर ठेवण्याचा वेळ आणि आठवडाभरात उजळलेला चेहरा हे सारे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या त्वचेवरचे असते. आपल्या त्वचेतल्या रंगपेशी संख्येने त्यांच्याइतक्याच असतात, पण त्या मेलॅनिन अधिक तयार करतात आणि थोड्याशा दाहानेही चेकाळतात. मुरूम फोडला की त्याजागी काळा डाग राहतो, तो याच कारणाने. मुरुमाचा डाग ज्यांच्या चेहऱ्यावर सहा-सहा महिने टिकतो, त्यांनी पील चुकल्यास काय होईल याचा अंदाज त्यावरूनच बांधावा आणि डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

डाग कशाचा आहे, हे आधी ठरवावे

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळेपणा पीलने जाणारा नसतो. मुरूम गेल्यावर राहिलेले डाग, वरच्या थरातला वांग, बारीक मुरूम आणि ब्लॅकहेड्स, उन्हाने आलेली काळवंड यांना वरवरच्या पीलचा चांगला उपयोग होतो. वांग मात्र कधी वरच्या थरात असतो, कधी खोलवर, आणि पुष्कळदा दोन्हीकडे मिसळलेला असतो. त्वचारोगतज्ज्ञ वुड्स लॅम्पच्या जांभळसर प्रकाशात किंवा डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून पाहून त्याचा अंदाज घेतात. खोलवरच्या वांगावर पीलचा परिणाम थोडाच होतो, आणि कोणताही वांग ऊन, उष्णता, गर्भारपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे परतून येऊ शकतो. पीलने वांग कायमचा जाईल असे कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावे.

मानेवर, काखेत, कपाळाच्या दोन्ही कडांना मखमलीसारखी जाडसर, काळपट त्वचा असेल, तर ती अनेकदा शरीरात इन्सुलिनला नीट प्रतिसाद मिळत नसल्याची खूण असते. वाढलेले वजन, अनियमित पाळी, घराण्यात मधुमेह अशी पार्श्वभूमी असेल तर पैसे आधी रक्ततपासणीवर खर्च करावेत. मान घासून किंवा पील करून मूळ कारण जागचे हलत नाही. टिकलीच्या गोंदाने किंवा केसांच्या कलपातल्या रसायनाने ॲलर्जी होऊन कपाळावर आणि कानशिलांवर येणारा काळेपणाही असाच फसवा असतो. तिथे टिकली किंवा कलप बदलल्यावाचून केलेले पील आधीच चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पील तुमचा जन्मजात रंग बदलत नाही. जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, कानामागची किंवा दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा ज्या रंगाची आहे, त्याहून चेहरा उजळ करणे हे या उपचाराचे काम नव्हे, आणि मुलीचा रंग उजळावा म्हणून स्थळ पाहण्याआधी तिला पीलसाठी नेणाऱ्या घरांनी हे नीट समजून घ्यावे. मुरुमांचे खोल खड्डे, सैल पडलेली त्वचा, डोळ्यांखालच्या खोलगटपणामुळे पडणारी सावली यांवरही वरवरचे पील चालत नाही.

चेहऱ्याला आजवर काय काय लावले

माझ्या मते सबंध पूर्वतयारीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात मेडिकलच्या दुकानातून विनाचिठ्ठी आणलेली एखादी ट्यूब आरशापाशी ठेवलेली आढळते. शेजारणीने सुचवलेली, बहिणीला 'लागू पडलेली' म्हणून पुढे दिलेली, आणि क्रीम म्हणून रोज रात्री वर्षानुवर्षे लावली जाणारी. ती ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइडचे मलम आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन ही नावेही असतील तर ते वांगावर ठरावीक काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचे तिहेरी मिश्रण आहे. रोजच्या वापराचे फेअरनेस क्रीम नव्हे. अशा मलमांच्या खुलेआम विक्रीमुळे केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातले, तरीही ती मागितली की मिळतात, हे आपण सगळेच पाहतो.

स्टेरॉइडने सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरोखरच उजळ आणि नितळ दिसतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होत जाते, गालांवर लाल रक्तवाहिन्यांची बारीक जाळी दिसू लागते, हनुवटीवर नको तिथे लव वाढते, मुरूम उठतात, आणि मलम दोन दिवस बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून ते पुन्हा सुरू होते. अशा चेहऱ्यावर वरवरचे म्हणून केलेले पीलही खोल उतरते, कारण आम्ल अडवणारा थरच झिजलेला असतो. दवाखान्यात जाताना घरातली सगळी मलमे, साबण, सीरम, आयुर्वेदिक किंवा बिननावाच्या डब्यांतली क्रीमसुद्धा पिशवीत घालून न्यावीत आणि टेबलावर मांडावीत. 'काही लावत नाही, फक्त साधे क्रीम' या उत्तराने अनेक चेहरे भाजले आहेत. स्टेरॉइडची सवय लागलेली असेल तर प्रामाणिक डॉक्टर पील लांबणीवर टाकतील आणि आधी त्वचा सावरण्यासाठी काही आठवडे, प्रसंगी काही महिने, मागून घेतील. ते ऐकावे. मलम स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नये. ते कसे उतरवत न्यायचे हे डॉक्टरांकडूनच घ्यावे.

मलमांखेरीज सांगायच्या गोष्टी अशा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर ते सांगणे आवश्यक आहे. पूर्वी त्या गोळ्यांनंतर सहा महिने कोणतेही पील करत नसत. आता वरवरच्या पीलबाबत अनेक तज्ज्ञांचे मत सैल झाले आहे, मध्यम आणि खोल पीलबाबत झालेले नाही. ताप आल्यावर किंवा उन्हात फिरल्यावर ओठांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठत असेल, तर तो हर्पीसचा विषाणू असतो आणि पीलनंतर तो चेहराभर पसरू शकतो. हे आधी कळले तर डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्या अगोदरच सुरू करतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी सॅलिसिलिक पील घेऊ नये. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. जखमेची किंवा कान टोचल्याची खूण वर वाढून कठीण गाठ होत असेल, म्हणजे कीलॉइडची प्रवृत्ती असेल, तर मध्यम पीलचा विचारही सोडावा. चेहऱ्यावर इसब, उघडी जखम, पू असलेले फोड किंवा नुकताच सोललेला भाग असेल तर बैठक पुढे ढकलावी. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी पीलची घाई कशाला करावी, हे मला समजत नाही. सॅलिसिलिक आणि टीसीए तर त्या काळात टाळतातच, आणि गर्भारपणातला वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिका होतो.

कोणाकडे जावे आणि काय विचारावे

'प्रोफेशनल पील' या नावाखाली पार्लर, स्पा, दातांचा दवाखाना, ब्युटी क्लिनिक असे कुठेही काहीही मिळते. सावळ्या त्वचेसाठी माझा सल्ला एकच आहे: त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल यांपैकी त्वचारोग विषयातली पदवी वा पदविका पाटीवर असते, आणि महाराष्ट्रात नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो, तो पडताळून पाहता येतो. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढीच पाटी असेल तर मूळ पदवी कोणती, असे सरळ विचारावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. तपासणी डॉक्टर करणार आणि पील लावायला सहायक येणार, असे अनेक ठिकाणी घडते. प्रशिक्षित सहायकाने वरवरचे पील लावणे चालण्याजोगे आहे, पण डॉक्टर त्या वेळी त्याच इमारतीत हजर असले पाहिजेत, फोनवर नव्हे.

द्रव्य कोणते, टक्केवारी किती आणि त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जहाल) किती, हे तीन प्रश्न एकत्र विचारावेत. नुसती टक्केवारी फसवी असते. ग्लायकोलिक आम्लाची बाटली ५० टक्क्यांची असली, तरी तिचा पीएच वर आणून ती मवाळ केलेली असेल तर ती कमी पीएचच्या ३५ टक्क्यांहून सौम्य ठरू शकते. कारण त्वचेत शिरते ते मुक्त आम्ल, आणि त्याचे प्रमाण पीएचवर अवलंबून असते. म्हणूनच मागच्या दवाखान्यात ५० टक्के सोसले होते, तेव्हा इथेही तेच द्या, असा आग्रह धरू नये. ग्लायकोलिकचा रेणू आपल्या गटात सर्वांत लहान असतो, तो भराभर आणि काहीसा असमान शिरतो. मॅंडेलिकचा रेणू मोठा असल्याने तो सावकाश शिरतो, म्हणून हळव्या आणि सावळ्या त्वचेच्या पहिल्या बैठकीसाठी अनेक डॉक्टर तोच निवडतात. सॅलिसिलिक तेलात विरघळते, त्यामुळे तेलकट, मुरूम असलेल्या चेहऱ्यावर ते रंध्रांत उतरून चांगले काम करते. ते बहुधा २० ते ३० टक्के वापरतात. टीसीए १० ते १५ टक्क्यांपर्यंत साधारण वरवरचे राहते, ३५ टक्क्यांच्या आसपास ते मध्यम पील होते आणि तिथे आपल्या त्वचेसाठी सावधगिरीची रेघ फार ठळक ओढायला हवी.

सहा बैठकांचे पॅकेज पहिल्याच दिवशी पैसे भरून घेऊ नये. वरवरच्या पीलच्या चार ते सहा बैठका, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, लागतात हे खरे आहे, पण पुढची बैठक घ्यायची की नाही हे पहिल्या बैठकीनंतर त्वचा कशी वागली त्यावर ठरते. खर्चाचा हिशेब मांडताना सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर त्यात धरावे, कारण त्यांच्याविना पील करणे म्हणजे पैसे देऊन डाग विकत घेणे आहे. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे. आधीचे फोटो एकाच प्रकाशात, तिन्ही बाजूंनी काढून ठेवायला सांगावे, आणि ते जाहिरातीसाठी वापरायला परवानगी नसेल तर तसे लिहून द्यावे.

ऑनलाइन मिळणाऱ्या तीव्र पीलच्या बाटल्या घरी वापरू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध लोकांना इशारा दिला, तो रासायनिक भाजण्याच्या आणि व्रण राहण्याच्या भीतीनेच.

तारीख आणि तयारी

उन्हाळा टाळावा. मार्च ते मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात तर सोडाच, मुंबई-पुण्यातही पीलनंतरचा आठवडा सांभाळणे कठीण जाते. नोव्हेंबर ते जानेवारी हा सोयीचा काळ आहे; पावसाळाही चालतो, मात्र ढगांतून अतिनील किरणे येतात हे विसरू नये. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर लग्न असेल तर सुरुवात पावसाळ्यातच करावी लागते, आणि शेवटची बैठक समारंभाआधी किमान तीन-चार आठवडे संपलेली असावी. पंढरीची पायी वारी, कोकणातली समुद्रकिनाऱ्याची सहल, रंगपंचमी यांच्या आगेमागे तारीख घेऊ नये. आणि ज्यांचे काम दिवसभर उन्हातच आहे, शेतात, बांधकामावर, चौकात वाहतूक सांभाळताना, त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून पील खरोखर झेपेल का हे ठरवावे. सनस्क्रीन आणि लावायच्या औषधांवरच थांबणे त्यांच्यासाठी अनेकदा अधिक शहाणपणाचे असते.

तारखेच्या दोन ते चार आठवडे आधी त्वचा 'तयार' करायची असते. डॉक्टर रात्री लावायला ट्रेटिनोइन, कमी टक्क्यांचे ग्लायकोलिक किंवा रंगपेशींना शांत करणारे हायड्रोक्विनोन, कोजिक वा ॲझेलेइक आम्ल देतात. याने वरचा थर एकसारखा होतो, आम्ल सगळीकडे सारखे शिरते आणि पीलनंतर काळे डाग उठण्याचा संभव घटतो. ही तयारी न करता पहिल्याच भेटीत पील लावायला निघालेल्या ठिकाणी सावळ्या त्वचेच्या माणसाने जाऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. याच आठवड्यांत सनस्क्रीनची सवय लागते का, हेही कळून येते. जिला रोज सकाळी ते लावणे आधी जमले नाही, तिला नंतरही जमणार नाही.

पीलच्या तीन ते सात दिवस आधी ट्रेटिनोइन, ॲडापालीन, रेटिनॉल बंद करतात. नेमके किती दिवस ते डॉक्टर सांगतील. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, स्क्रब, फेशियल आणि लेसर आठवडाभर आधीपासून थांबवावे. पुरुषांनी त्या दिवशी आणि आदल्या दिवशी दाढी करू नये, कारण वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून आम्ल खोल जाते. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला थोडे द्रव्य लावून पाहणे चांगले, पण त्यात काही झाले नाही म्हणजे चेहऱ्यावर काही होणारच नाही, अशी हमी मिळत नाही.

बैठकीत काय होते

कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्या लागतात. डोके थोडे उंचावर ठेवून निजवतात, केस पट्टीने मागे बांधतात आणि चेहरा धुऊन स्पिरिट किंवा ॲसिटोनच्या बोळ्याने तेल पुसून काढतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांच्या कडा या ठिकाणी द्रव्य साचते, म्हणून तिथे व्हॅसलीनचा थर देतात. बाटलीवरचे नाव आणि टक्केवारी सहायकाने मोठ्याने वाचून दाखवावी, असे तुम्ही म्हणू शकता. वेगवेगळ्या जोराच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात. द्रव्य कपाळापासून सुरू करून गाल, नाक, हनुवटी असे ब्रशने किंवा गॉझने भराभर फिरवतात आणि घड्याळ लावतात. चुरचुरते, खाजते, पंखा लावला की बरे वाटते.

ग्लायकोलिकच्या बाबतीत डॉक्टरांचे लक्ष एकसारख्या गुलाबी छटेकडे असते. सावळ्या त्वचेवर ती छटा ओळखायला सरावलेली नजर लागते, हेही अनुभवी डॉक्टर निवडण्याचे एक कारण आहे. एखाद्या जागी राखाडी-पांढुरका ठिपका दिसला तर तिथे आम्ल हवे त्याहून खोल गेले आहे, आणि घड्याळ काहीही सांगत असो, त्या क्षणी खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून ते थांबवावे लागते. सॅलिसिलिक लावल्यावर चेहरा पांढरा दिसतो, तो मात्र द्रावण सुकून मागे राहिलेल्या स्फटिकांचा असतो आणि पुसला की जातो. टीसीएचा पांढरेपणा खरा असतो, गोठलेल्या प्रथिनांचा; तो पाण्याने किंवा सोड्याने परतवता येत नाही, म्हणून त्याचे थर थांबून थांबून देतात. एकाच जागी भाजल्यासारखे टोचत असेल, डोळ्यात काही गेल्यासारखे वाटले, तर लगेच बोलावे. सोसून दाखवण्यात काही कमाई नाही.

नंतरचे दहा दिवस

पहिल्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा आणि किंचित सुजरा वाटतो. वरवरच्या पीलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तोंडाभोवती आणि नाकाच्या कडेला बारीक कोंडा सुटू लागतो आणि आठवड्यात थांबतो. काहींची त्वचा दिसण्याजोगी सुटतच नाही, आणि म्हणून पील वाया गेले असे समजू नये. मध्यम पीलमध्ये त्वचा आधी काळपट, कागदासारखी होते आणि पापुद्रे निघून जायला दहा ते चौदा दिवस लागतात. सुटलेला पापुद्रा ओढू नये, नखाने खरवडू नये, टॉवेलने घासू नये. खालची त्वचा अजून तयार नसते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी डाग राहतो.

सौम्य फेसवॉश, साधे सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच चेहऱ्याला लागू द्यावे. हळद-बेसन, लिंबू, मुलतानी माती, कोरफडीचा ताजा गर, वाफ, यांतले काहीही नको, आजीने कितीही मायेने दिले तरी. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचे, अतिनील किरणांच्या दोन्ही प्रकारांना अडवणारे असावे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांग असलेल्यांनी लोह-ऑक्साइड असलेले रंगछटेचे सनस्क्रीन घ्यावे, कारण साधा दृश्य प्रकाशही वांग गडद करतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. दुचाकीवर नुसती ओढणी पुरत नाही. ओढणीखाली सनस्क्रीनही हवे, आणि ओढणी मऊ, स्वच्छ, चेहऱ्याला न घासणारी असावी. गॅससमोर तासन्तास उभे राहून पोळ्या लाटणे, फोडणीची वाफ थेट तोंडावर घेणे, घाम निथळेपर्यंत व्यायाम करणे निदान चार-पाच दिवस टाळावे. घरातल्या दुसऱ्या कोणी तेवढे दिवस स्वयंपाक सांभाळायचा, हे आधीच ठरवून ठेवले तर ते घडते. आयत्या वेळी घडत नाही. बंद केलेली ट्रेटिनोइनसारखी औषधे त्वचा सुटणे पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पाणी भरलेले फोड किंवा पू दिसला, ओठांजवळ बारीक फोडांचा पुंजका उठला, किंवा एखादी जागा आठवडा उलटूनही लाल आणि गरम राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेंगाळलेल्या लालीच्या जागीच पुढे तपकिरी डाग उठतो, आणि लाली असतानाच उपचार झाले तर तो बराचसा रोखता येतो. डाग उठलाच तर मेडिकलमधून ट्यूब आणू नये आणि तो 'उडवण्यासाठी' दुसरे, अधिक तीव्र पीलही लावून घेऊ नये. डॉक्टर डाग फिका करणारे मलम आणि कडक सनस्क्रीन देतील. तो बहुतेक वेळा जातो, पण त्याला काही महिने द्यावे लागतात. त्वचेचा रंग पुन्हा एकसारखा होईपर्यंत पुढची बैठक रद्द करून घ्यावी.